सातव्या कागदावरचा त्रिकोण

संस्थेत त्यांना सगळे ठिपकेकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. हुद्दा ड्राफ्ट्समनचा. शास्त्रज्ञ मंडळी पेन्सिलीने जी काही गिचमिड करून आणत ती ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने नीटनेटकी उतरवायची, म्हणजे ती छापायला पाठवता येई, हे त्यांचं काम. शास्त्रज्ञ अक्षराच्या बाबतीत डॉक्टरांचे सख्खे भाऊ असतात, तेव्हा काम काही सोपं नव्हतं.

नाव पडलं ते ठिपक्यांच्या रेघेवरून. शाईच्या पेनाने सरळ रेघ कुणीही मारेल, पण ठिपक्यांची रेघ, तीही गोलाईवर, एकाही ठिपक्याचं पोट न फुगता काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पेन पापणी लवेपर्यंत जास्त थांबलं की डाग पडतो, मग ब्लेडने खरवडत बसा. काका मोजपट्टी न लावता शंभर ठिपके काढत आणि शंभरही एका मापाचे येत. त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि हे त्यांना पुरतं माहीत होतं. स्वभावाने ते नाकासमोर चालणारे, पण हाताचा गर्व म्हणाल तर भरपूर. चूक काढायला आलेल्या माणसाला ते आधी चष्मा पुसून यायला सांगत.

संस्थेत येण्याआधी ते एका कारखान्यात पंपांच्या भागांची चित्रं काढत होते. पंपाचं चित्र चुकलं तर पाणी वर चढत नसे, चूक दुसऱ्या दिवशी कळे. इथे चित्र चुकलं तर काय होतं, ते कळायला त्यांना चौतीस वर्षं लागली. त्याचीच ही हकिगत.

ड्रॉइंग सेक्शन म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. उत्तरेला खिडक्या, त्यांच्याखाली तिरपे बोर्ड, भिंतीला सपाट खणांची लोखंडी कपाटं. सुरुवातीला पाच माणसं होती, शेवटी शेवटी एकटे काका. वरच्या मजल्यावरून येणाऱ्या आकृत्या दिसायला सोप्या असत. वेटोळ्यांची रेघ म्हणजे बल वाहून नेणारा कण, साधी रेघ म्हणजे दुसरा कण, आणि ठिपक्यांची रेघ म्हणजे तिसरंच काहीतरी. एकेक आकृती म्हणजे एकेक लांबलचक गणित, सगळ्या आकृत्यांची गणितं करून बेरीज घेतली की उत्तर. एवढं काकांना ऐकून ऐकून माहीत झालं होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः हेरली होती. बाकीच्या रेघा कागदाच्या कडेपर्यंत जात, बाहेर पडत. ठिपक्यांची रेघ कधीच बाहेर पडत नसे. ती आतल्या आत फिरून स्वतःलाच येऊन मिळे, आणि तिच्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बारीकसा बाण असे.

असं का, हे त्यांनी अकरा वर्षं कुणाला विचारलं नाही. विचारलं ते पेन्सिलबाईला.

पेन्सिलबाई म्हणजे सरांची, वरच्या मजल्यावरच्या गटप्रमुखांची, विद्यार्थिनी. पीएचडीला आलेली, अंगाने काटकुळी, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. ते तिला आवडायचं. वरचे लोक आकृत्या टाकून निघून जात, ती मात्र स्टूल ओढून बसे आणि काकांचा हात बघत राही. एकदा काकांनी सहज विचारलं, ही ठिपक्यांची रेघ एवढी घरकोंबडी का गं? तिला इतका आनंद झाला की तिने अर्धा तास त्यांना सोडलंच नाही.

"काका, दूध भांड्यासकट वजन केलं तर नंतर भांड्याचं वजन वजा करावं लागतं ना?" ती म्हणाली. "तसंच आहे हे. आमच्या गणितात एकच गोष्ट लिहायच्या हजार पद्धती असतात. त्यातली एक धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि धरली की निसर्गात नसलेला कचरा सोबत येतो. तो काढायला ही ठिपक्यांची रेघ. आम्ही तिला भूत म्हणतो. ते खरं नसतं. उणे चिन्ह घेऊन येतं, कचरा पुसतं आणि जातं. म्हणून ते बाहेर पडलेलं कधी दिसत नाही."

नाहीच घेतलं तर काय होतं, असं काकांनी विचारलं. ती हसून म्हणाली, मग शंभरातल्या एकशेवीस वेळा पाऊस पडेल असली वेडगळ उत्तरं येतात. काकांनी घरी जाऊन हे सगळं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही भुतांची चित्रं काढून पगार घेताय होय." पण काकांना मनातून बरं वाटलं होतं. आपण काय काढतो हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

आता सेक्शनची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेन्सिलीचे कागद एकदा खाली आले की वर परत जात नसत. काका त्यांच्यावरून शाईचा तक्ता करत, आकृत्यांना क्रमांक घालत आणि तक्ता वर जाई. संशोधकाने तो तपासून पोचपावतीवर सही करायची, आणि पुढची सगळी गणितं त्या तक्त्यावरून, क्रमांकाप्रमाणे करायची. पेन्सिलीचे कागद शोधनिबंध छापून येईपर्यंत काकांच्या खणात पडून राहत, मग रद्दीत जात. दोन-दोन प्रती हिंडत राहिल्या की घोळ होतो, म्हणून ही रीत. चांगलीच रीत होती ती.

काकांची स्वतःची आणखी एक रीत होती. घाईघाईत मंडळी तीच आकृती दोनदा काढत. काकांची नजर अशी की हे लगेच ध्यानात येई. मग निळ्या पेन्सिलीने ते दुसरीवर काट मारत आणि शेजारी ‘दुबार’ लिहीत. पेन्सिलबाईच्या पहिल्याच तक्त्यात त्यांनी अशी एक दुबार आकृती पकडली होती. ती तेव्हा अक्षरशः हात जोडून म्हणाली होती, "काका, वाचवलंत. तीच गोष्ट दोनदा धरली असती तर महिना वाया गेला असता. असंच बघत जा." सरांच्याही कानावर ते गेलं. सर म्हणजे कडक माणूस, कौतुकाचा शब्द तोंडातून निघणं मुश्कील. ते जिन्यात थांबून म्हणाले, बरं झालं. हे दोन शब्द काकांना दोन वर्षं पुरले.

मग तिचं मोठं काम आलं. सरांनी तिला दिलेलं गणित असं होतं की ते तेव्हा जगात कुणी पूर्ण केलेलं नव्हतं. नऊ कागद, सगळे आकृत्यांनी गच्च भरलेले. त्यात ठिपक्यांच्या आकृत्या बऱ्याच होत्या, आणि त्या जोडीजोडीने होत्या. दिसायला एकसारख्या, फक्त एकीत बाण डावीकडून फिरलेला, दुसरीत उजवीकडून. प्रत्येक जोडी तिने शेजारीशेजारी काढून कंसात घातली होती. मागणी जोडीची होती, काकांनी जोडी काढली. का, ते विचारलं नाही.

एक जोडी मात्र फुटली होती. त्रिकोणातली भुतं, आत एक वेटोळी रेघ. त्यातला पहिला त्रिकोण सहाव्या कागदाच्या तळाला आला आणि जागा संपली, म्हणून दुसरा तिने सातव्या कागदाच्या माथ्यावर काढला. कंस घालायला जागाच नव्हती. काकांनी सहावा कागद संपवला, पेन धुतलं, जेवून आले, सातवा घेतला. पहिलीच आकृती बघून ते स्वतःशी हसले. कागद बदलताना पोरगी विसरली आणि शेवटची आकृती परत काढून बसली. बाण उलटा आहे हे त्यांना दिसलं, पण जोडीचा कंस नव्हता. घाईत झालं असेल, असं वाटलं. त्यांनी निळी पेन्सिल घेतली, काट मारली, ‘दुबार’ लिहिलं.

तक्त्यावर एकशे सतरा आकृत्या भरल्या. तिने प्रत्येक आकृती बारकाईने तपासली. तक्त्यात होत्या त्या सगळ्या बरोबर होत्या. तिने सही केली.

पुढे अडीच वर्षं ती त्या एकशे सतरा गणितांत बुडाली. वह्यांवर वह्या भरल्या. शेवटी बेरीज घेतली तेव्हा जे जायला हवं होतं ते जवळजवळ सगळं गेलं, पण एक शेपूट उरलं. निसर्गात नसलेल्या कचऱ्याचं एक छोटंसं शेपूट, जे शून्य व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. आठ महिने गेले. शेपूट तेच, तेवढंच. सरांनी स्वतः तीन आठवडे तिच्या वह्या चाळल्या. एकेक ओळ बरोबर होती आणि बेरीज चूक होती.

त्या दिवसांत ती एकदा खाली आली. स्टुलावर बसली. डोळ्यांखाली काळं झालेलं, अंबाडा कसातरी बांधलेला. तिने विचारलं, "काका, एखादी आकृती राहिली तर नसेल ना?"

काकांना ते लागलं. तिने विचारलं म्हणून नव्हे, कुणीही विचारलं असतं तरी लागलंच असतं. खण तीन पावलांवर होता. तो उघडून नऊ कागद बाहेर काढायला दोन मिनिटं पुरली असती.

"माझ्या हातून काही सुटत नाही," ते म्हणाले. "तू आकडे बघ."

ती बरं म्हणाली आणि गेली. काका पुढचा तक्ता करायला लागले.

त्याच वर्षी दूरच्या एका गटाने ते उत्तर छापलं. ते वेगळ्या वाटेने गेले होते, भुतं लागतच नाहीत अशा एका पद्धतीने. त्यामुळे पेन्सिलबाईचं उत्तर चूक आहे हे सिद्ध झालं, पण कुठे चुकलं ते त्यावरून कळेना. त्यांच्या वाटेवर तिच्या आकृत्याच नव्हत्या, मग ताळा कशाचा घेणार? तिची शिष्यवृत्ती संपली. मुदतवाढीच्या बैठकीत सर म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण एवढ्या मोठ्या मोजणीला लागणारी शिस्त तिच्याकडे कमी पडली. हे तिला बाहेर बाकावर बसल्या बसल्या ऐकू गेलं. दार उघडंच होतं.

ती निरोप घ्यायला खाली आली तेव्हा रडली नाही. माझं डोकं या कामाचं नव्हतंच काका, असं म्हणाली. काकांचा जीव खरोखर तुटला. ते तिची समजूत घालत म्हणाले, "चूक माणसाच्याच हातून होते, पोरी. एवढं मनाला लावून घेऊ नकोस." वर तिला आपलं एक जुनं शाईचं पेनही दिलं. पुढे कितीतरी वर्षं आपण त्या दिवशी चांगलं वागलो, असंच त्यांना वाटत होतं.

बारा वर्षं गेली. पेन्सिलबाई सहा तासांवरच्या एका गावात शाळेत गणित शिकवते, लग्न झालं, एक मुलगी आहे, एवढं कानावर होतं. आकृत्या आता संगणकावर होऊ लागल्या होत्या. सेक्शनला काकांबरोबरच कुलूप लागणार हे ठरलेलं होतं, आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते. तेव्हा एक तरुण प्राध्यापक पाठ्यपुस्तकाच्या आकृत्या घेऊन आले. त्यांना पुस्तकात हाताने काढलेल्या आकृत्याच हव्या होत्या, हौस. पहिल्याच पानावर ठिपक्यांचे दोन त्रिकोण होते. एक वर, एक खाली, मध्ये मजकूर.

काका सवयीने म्हणाले, ही दुबार आली आहे, एक गाळतो.

"छे छे, गाळू नका," प्राध्यापक म्हणाले. "बाण उलटा आहे ना. दोन्ही लागतात. भूत दोन्हीकडून फिरायला हवं, नाहीतर कचरा उरतो. विद्यार्थी हमखास हीच चूक करतात."

काकांनी मान हलवली. प्राध्यापक गेले. मग काकांनी उठून शेवटच्या कपाटाचा सर्वांत खालचा खण ओढला. तिचा निबंध कधी छापलाच गेला नव्हता, त्यामुळे कागद रद्दीत गेले नव्हते. रीतीप्रमाणे ते तिथेच होते. सातव्या कागदाच्या माथ्यावर निळी काट होती, आणि शेजारी त्यांच्या सुरेख अक्षरात ‘दुबार’.

पंप बारा वर्षांपूर्वी बंद पडला होता, आणि चित्र त्यांचं होतं.

आता माणसाने काय करावं? सरळ जिना चढून सरांच्या खोलीत जावं आणि कागद टेबलावर ठेवावा. काकाही तेच ठरवून उठले. जिन्याच्या अर्ध्यावर त्यांना आठवलं की आज सरांकडे पाहुणे आहेत. दुसऱ्या दिवशी सर घाईत होते. तिसऱ्या दिवशी काकांना वाटलं, निरोप समारंभ तेवढा होऊन जाऊ दे. आणि समारंभात सर उठून उभे राहिले. कधी नव्हे ते चांगली पाच मिनिटं बोलले. म्हणाले, या माणसाच्या चौतीस वर्षांत एक रेघ चुकलेली मला आठवत नाही. टाळ्या पडल्या. काकांना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. नऊ कागद त्यांनी आदल्या दिवशीच पिशवीत घालून घरी नेले होते.

घरी ते कागद कपाटात वर्तमानपत्राखाली गेले. रोज सकाळी काका ठरवत की आज पत्र लिहायचं. दोनदा लिहायला बसलेही. ‘चि. पोरीस’ याच्या पुढे गाडी सरकेना. संध्याकाळपर्यंत ते स्वतःची समजूत घालून मोकळे होत. तिचा संसार चांगला चालला आहे, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची, वगैरे. भित्र्या माणसाला दुसऱ्याच्या सुखाची फार काळजी असते.

पाच महिन्यांनी सर आजारी पडले. आजार बरा होण्यातला नव्हता. काका भेटायला दवाखान्यात गेले, तर सरांच्या खोलीबाहेर पेन्सिलबाई उभी. केसांत पांढरं दिसायला लागलेलं, अंबाड्यात पेन्सिल नाही, साधी क्लिप. काकांना बघून तिला आनंद झाला. सरांना भेटून आले, म्हणाली. थकलेत, पण डोकं शाबूत आहे.

"आणि काका, त्यांनी काय विचारलं माहीत आहे? म्हणाले, ते शेपूट कुठून आलं असेल गं? अजून विचारतात. बारा वर्षं झाली." ती हसली, पण डोळे भरले होते. "मी म्हटलं, सर, माझंच काहीतरी चुकलं असणार."

दोघं त्या अरुंद बोळात उभी होती. औषधांच्या गाडीला वाट द्यायची म्हणून भिंतीला टेकली होती. दाराच्या आत सर जागे होते. एक वाक्य बोलायचं होतं.

"चहा घेतेस का?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, घेऊ या. दोघांनी खाली जाऊन चहा घेतला आणि बसच्या वेळांबद्दल बोलले. अकराव्या दिवशी सर गेले.

त्यानंतर काकांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. काकांनी ते मान्य केलं, कारण दुसरं कारण सांगायची सोय नव्हती. पुढे दहा-एक महिन्यांनी बायकोने कपाट आवरायला काढलं आणि वर्तमानपत्राखालचे कागद बाहेर आले. हे काय, तिने विचारलं. काकांनी टाळाटाळ केली, मग चिडले, आणि मग सगळं सांगून टाकलं. शेवटी बायकोने नऊ कागद गुंडाळून त्यांना दोरा बांधला.

"अहो, हे तिचे आहेत," ती म्हणाली. "तिचे तिला नेऊन द्या."

पेन्सिलबाईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दुपारची वेळ. नवरा कामावर, मुलगी शाळेत. तिने काकांना खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं, इतक्या लांब एकट्याने आलात म्हणून रागावली. काकांनी बोलायची तयारी केली होती ती सगळी बसमध्येच सांडली. त्यांनी दोरा सोडला, सातवा कागद काढून टेबलावर ठेवला आणि माथ्यावर बोट ठेवलं.

"ही मी गाळली," ते म्हणाले. "मला वाटलं दुबार आहे."

तिने कागद जवळ ओढला. आधी तिला स्वतःचं जुनं अक्षर दिसलं आणि ती किंचित हसली. मग तिने काट बघितली, बाण बघितला, सहावा कागद काढून त्याचा तळ बघितला. तिचा चेहरा एकदम शांत झाला. ती उठली, आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालून एक बॅग ओढून आणली. वह्या होत्या. मुलीच्या कंपासपेटीतून तिने पेन्सिल घेतली आणि जेवणाच्या टेबलावर बसली.

काका खिडकीपाशी बसून राहिले. ती कधी पानं उलटे, कधी लिही, कधी पेन्सिल अंबाड्यात खोचून हातावर हनुवटी टेकवी. आपण पेन्सिल खोचली हे तिला कळलंही नसावं. त्या तासाभरात काकांना तेव्हाची पोरगी जशीच्या तशी दिसत होती, आणि ते बघणं त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी तिने एका आकड्याखाली रेघ मारली.

"तेवढंच आहे," ती हळूच म्हणाली. "शेपटाएवढंच. चिन्ह उलटं." मग वर बघून म्हणाली, "काका, शून्य आलं. माझं बरोबर होतं."

ती हसली. तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. काका उठून तिच्याजवळ गेले. मला माफ कर, असं काहीसं ते म्हणत होते. तिनेच त्यांचा कापणारा हात धरला.

"सही माझी होती, काका. तक्त्यातल्या आकृत्या मी तपासल्या, पण कागदावरच्या सगळ्या तक्त्यात आल्या का, ते मी बघितलं नाही. तुमची एकट्याची चूक नाही ही."

काकांना इतक्या दिवसांत कुणी दिलं नव्हतं एवढं तिने त्या दोन वाक्यांत दिलं. ते खुर्चीत बसले. तिने डोळे पुसले, वही पुन्हा एकदा बघितली. आणि मग, अगदी सहज, नुसतं कुतूहल म्हणून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. काल कपाट आवरताना कळलं, असं म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. काकांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण दोनदा तिला फसवायचं त्यांच्याने झालं नाही.

"दीड वर्ष झालं."

तिने मनात हिशोब केला. तो फार अवघड नव्हता. काकांना तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तो कुठे येऊन थांबला.

"दवाखान्यात भेटलो तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिने त्यांचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडून टेबलावर ठेवला. ती सातव्या कागदाकडे बघत बसली. सर त्या दिवशी दाराच्या आत जागे होते, एवढंच काकांच्या डोक्यात फिरत होतं. तिच्याही डोक्यात तेच असावं. ती ओरडली नाही, की का म्हणून विचारलंही नाही. विचारलं असतं तर काकांना थोडं सोपं गेलं असतं.

मग तिने वहीचं एक कोरं पान उघडलं, आतून एक शाईचं पेन आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी ते ओळखलं. त्यांनीच दिलेलं होतं. निब स्वच्छ होतं.

"काढा," ती म्हणाली. "बाण उलटा."

काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि सुरुवात केली. पहिला ठिपका फुगला. दुसरा त्याला चिकटला. आयुष्यात त्यांनी हजारो काढले असतील, पण या एका त्रिकोणाला अर्धा तास लागला, आणि त्यातले दोन ठिपके एका मापाचे आले नाहीत. घाम पुसायला ते थांबले तेव्हा ती नुसती वाट बघत राहिली. शेवटी त्यांनी बाण काढला. वेडावाकडा होता, पण उलटा होता.

तिने वही आपल्याकडे फिरवली, फुंकर घालून शाई वाळवली आणि खाली क्रमांक घातला, एकशे अठरा. वही मिटून बाजूला ठेवली. मग तिने काकांकडे पाहिलं.

"चहा घेता का?" तिने विचारलं.

दवाखान्यात काकांनी तिला हेच विचारलं होतं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. उठले आणि दाराशी काढून ठेवलेल्या चपला चाचपडू लागले.